हिवाळ्याच्या सुट्टीत मन आणि शरीर सांभाळताना: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी नागपुरात समुपदेशनाचं काम करते. दिवाळीत माझ्याकडे फारसं कुणी येत नाही, सगळे फराळात आणि पाहुण्यांत गुंतलेले असतात. नाताळपासून संक्रांतीपर्यंतचे तीन आठवडे मात्र वेगळे. मुलं घरी आलेली, थंडी हाडात शिरलेली, वर्ष सरत आलेलं, आणि घरातलं कुणीतरी एक माणूस गप्प झालेलं. त्या दिवसांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

एक गोष्ट आधीच सांगते. कुणाच्या जिवाला आत्ता धोका आहे असं वाटत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि ११२ किंवा १०८ ला फोन लावा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वर्षभर धावपळीत बरी असते आणि सुट्टी लागली की उदास वाटतं. दिवस लहान झाल्यामुळे का?

थोडं त्यामुळे, पण जास्त आपल्या राहणीमुळे. उत्तर युरोपात हिवाळ्यात उजेडच कमी पडतो, तिथे ऋतूबरोबर येणारं नैराश्य हा ओळखीचा आजार आहे. लंडनला २१ डिसेंबरच्या सुमारास जेमतेम आठ तासांचा दिवस असतो. नागपूर २१ अंश अक्षांशावर. आपला वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा, आणि आकाश बहुतेक वेळा स्वच्छ. म्हणजे ऊन आहे, आपणच त्यात जात नाही. सुट्टी म्हणून नऊपर्यंत रजई, मग पडदे ओढलेल्या खोलीत मोबाइल, दुपारी जड जेवण आणि झोप, संध्याकाळी सहाला अंधार. शरीराचं आतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. तो मिळाला नाही की रात्रीची झोप लांबते, आणि झोप बिघडली की मन बिघडायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत धुंधुरमास येतो. १६ डिसेंबरच्या आसपास सूर्य धनु राशीत जातो, तेव्हापासून संक्रांतीपर्यंत. पहाटे स्वयंपाक, सूर्य वर येता येता नैवेद्य, आणि मग सगळ्यांनी मिळून मुगाची खिचडी, बाजरीची भाकर, लोण्याचा गोळा, वांग्याची भाजी. माझ्या आजीकडे अंगणात पंगत बसायची. आम्ही पोरं स्वेटर घालून कुडकुडत बसायचो आणि जेवण संपेपर्यंत पाठीवर ऊन आलेलं असायचं. देवधर्म मानत नसाल तरी त्यात काय काय आहे बघा: लवकर उठणं, कोवळं ऊन, गरम खाणं आणि सोबत माणसं. उदास मनाला मी तरी याहून वेगळं काय सांगणार? महिनाभर जमणार नाही, पण सुट्टीतल्या एका रविवारी करून बघा. रोजच्यासाठी एवढं पुरे: उठल्यावर तासाभरात वीस मिनिटं गच्चीवर, अंगणात, निदान बाल्कनीत, चहाचा कप हातात घेऊन.

राहिल्या आठवणी. कामाच्या धबडग्यात वर्षभर दाबून ठेवलेलं सुट्टीत वर येतं. ते येऊ द्या, आणि कुणाजवळ तरी बोला.

हे नेहमीचं उदास वाटणं आहे की आजार, हे कसं ओळखायचं?

दोन आठवडे हा साधा हिशेब लक्षात ठेवा. जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ मन खाली असेल, आवडत्या गोष्टीतही जीव लागत नसेल, आणि झोप, भूक, कामातलं लक्ष यावर परिणाम झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका.

जोडीला रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. थायरॉइड मंदावलं असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल, तरी माणूस असाच थकलेला आणि निरुत्साही दिसतो. "आळशी झालीस तू" असं ऐकून घेतलेल्या किती तरी बायकांची थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि त्या पुन्हा हसूबोलू लागल्या, हे मी पाहिलं आहे.

बाबा सत्तरीचे आहेत. एवढ्या थंडीत पहाटे पाचला फिरायला जातात. थांबवावं का?

फिरणं थांबवू नका, वेळ बदला. नागपूरची थंडी साधी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. गार हवेत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पहाटे तो ताण आणखी. शिवाय थंडीत धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. दमेकऱ्यांना ती हवा सोसत नाही. त्यामुळे सूर्य चांगला वर आल्यावर, साडेसात-आठनंतर जावं. कानटोपी, मोजे, आणि निघण्याआधी घरातच पाच मिनिटं हातपाय मोकळे करणं. इनहेलर असेल तर तो खिशात हवा, घरच्या कपाटात नाही.

पहाटेची अंबाझरीची मंडळी बाबांना सोडवत नसतील तर त्यांचं म्हणणं समजून घ्या. त्यांना चालण्याइतकीच त्या बाकावरच्या गप्पांची गरज असते. बाबांना एकट्याला घरी बसवण्यापेक्षा त्या चारही काकांना फोन करून सगळ्यांचीच वेळ तासा-दोन तासांनी पुढे ढकला. एका घरच्या सुनेने हे खरंच केलं आणि काका लोक आनंदाने तयार झाले.

छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं, अचानक दम लागणं, यापैकी काहीही झालं तर "गॅस असेल" म्हणून ओवा चघळत बसू नका. बायकांमध्ये तर कित्येकदा नुसती मळमळ आणि कमालीचा थकवा एवढंच दिसतं. १०८ लावा.

रक्तदाबाची गोळी सुट्टीच्या गडबडीत चुकते, तीही सांभाळा. आणि पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून म्हातारी माणसं दिवसभरात दोन-तीन पेल्यांवर राहतात, मग बद्धकोष्ठ आणि चक्कर. कोमट पाण्याची बाटली त्यांच्या खुर्चीजवळ भरून ठेवा.

रात्री खोलीत शेगडी ठेवली तर चालेल का?

नाही. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं ठेवून झोपणं जिवावर बेततं. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचाही हाच धोका. गीझर बाहेर बसवा, आत असेल तर खिडकी किंवा पंखा हवाच. आंघोळ करताना डोकं जड झालं, गरगरलं, तर तसंच बाहेर या. शेकोटी अंगणात पेटवा आणि भोवती गप्पा मारा.

मुलगा अमेरिकेतून दोन आठवड्यांसाठी येतो. पहिला आठवडा तो झोपेतच असतो आणि मी वाट बघत बसते. मन खट्टू होतं.

आई, त्याच्या झोपेचा आणि तुमच्यावरच्या मायेचा संबंध नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी आपला हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. त्याच्या शरीराला दिवसाची रात्र झालेली असते. ते रुळायला आठवडाभर सहज लागतो. त्याला दुपारभर झोपू देऊ नका. सकाळी उन्हात बसवा, तिथेच त्याच्या हातात संत्रं द्या आणि सोलता सोलता बोला. पहाटे तीनला तो जागा होतो ना? तुम्हीही जाग्या असाल तर दोघांचा चहा टाका. एका आईने मला सांगितलं होतं, "दिवसा तो मित्रांचा असते, रात्री तीनला माझा असते."

आणि पहिल्या चार दिवसांत भेटीगाठींची यादी काढू नका. दोन आठवड्यांत बारा घरं फिरवलेला मुलगा दमून परत जातो आणि आईच्या वाट्याला फक्त बॅग भरणं येतं. तीन घरं निवडा. बाकीच्यांना एके दिवशी आपल्याकडेच बोलवा.

सुट्टीत घरी चौदा माणसं असतात. सगळे मजेत, मी मात्र रडकुंडीला येते. मी स्वार्थी आहे का?

अजिबात नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर मला सविस्तरच द्यायचं आहे, कारण हिवाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचं दुखणं घुमून फिरून इथेच येतं.

हिवाळ्यातलं आपलं खाणं सुरेख आहे, पण त्यातलं काहीही सोपं नाही. तुरीचे सोले काढायचे म्हणजे दोन तास शेंगा सोलणं. सांबारवडीसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडणं, धुणं, वाळवणं, चिरणं. भरताची वांगी भाजून सोलायची. भाकरी गरमच लागतात, म्हणजे शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत बाई ओट्यापाशी उभी. वर चौदा जणांचं आंघोळीचं पाणी, चौदा पांघरुणं, कुणाला ताक चालत नाही, कुणाला कांदा. हे सगळं ध्यानात ठेवणं हेच एक मोठं काम आहे आणि ते कुणाला दिसत नाही.

माझ्या माहेरी एका डिसेंबरात आईला दोन दिवस ताप होता. ती उभी होती, वाढत होती. घरात आम्ही अकरा माणसं, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा. तिसऱ्या दिवशी तिच्या हातून परात पडली तेव्हा कळलं. तेव्हापासून सुट्टीत कुणाच्याही घरी गेले की मी आधी स्वयंपाकघरात जाते आणि तिथल्या बाईला विचारते, "तुम्ही जेवलात का?"

आता करायचं काय? पाहुणे यायच्या आधी, म्हणजे डोकं शांत असताना, कामं कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. प्रत्येक कामापुढे नाव. शेंगा सोलणं हे मुलांचं आणि आजोबांचं काम, टीव्हीसमोर परात ठेवली की होतं. सकाळचे पोहे दोन दिवस बाहेरून, तर्रीसकट. नागपुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे असले की घरातले पुरुष किती हौसेने पुढे होतात, वांग्याची भाजीही तेच करतात आणि फर्मास करतात. म्हणजे हात तयार आहेत. एक रात्रीचं जेवण पूर्ण त्यांच्याकडे द्या आणि त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका, मीठ कमी पडलं तरी. दुपारी दीड तास तुमच्या खोलीचं दार बंद. त्या वेळात काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, झोपा, वाचा, भिंतीकडे बघत बसा.

हे वाचणारे नवरे, दीर, मुलगे यांना माझी कळकळीची विनंती: "काय मदत करू?" असं विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं कामही तिच्यावरच पडतं. एक काम उचला आणि शेवटपर्यंत न्या.

नातेवाइकांचे प्रश्न नको होतात. लग्न कधी, पॅकेज किती, पाळणा कधी.

बहुतेकांना उत्तर नको असतं, बोलायला काहीतरी हवं असतं. एक ठरलेलं वाक्य घरून तयार करून जा, म्हणजे ऐन वेळी जीव घाबरा होत नाही: "ठरलं की सगळ्यात आधी तुम्हालाच सांगीन, आत्या. तुमचा गुडघा कसा आहे?" हे मनापासून विचारा. आत्या पुढची वीस मिनिटं गुडघ्यावर बोलतील आणि त्यांनाही बरं वाटेल.

पण प्रश्न खरंच जखमेवर बसत असेल, उदाहरणार्थ मूल होण्यासाठी उपचार सुरू आहेत, गर्भपात झाला आहे, नोकरी गेली आहे, तर घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला आधी विश्वासात घ्या आणि तो विषय अडवायची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. सासूबाईंनी एकदा ठामपणे "तिला नका विचारू हे" म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

मुलगी बारावीला आहे. सगळे ताडोब्याला, पेंचला चालले आहेत. आम्ही कुठेच जात नाही, तरी घरात सतत ताण.

बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत. त्यामुळे या मुलांना हिवाळ्याची सुट्टी नसतेच. पण घराने उपास धरल्यासारखं राहिल्याने मुलीचे गुण वाढत नाहीत. "माझ्यामुळे सगळे अडकलेत" हे ओझं मात्र तिच्या डोक्यावर बसतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, हसणं बंद, असं करू नका. एक अख्खी दुपार तिला सुट्टी द्या. सेमिनरी हिल्सला चक्कर, नाहीतर फुटाळ्यावर भाजलेलं कणीस, आणि त्या दुपारी अभ्यासाचा शब्द काढायचा नाही.

झोप सात-आठ तास हवी. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, त्यामुळे रात्री दोनपर्यंत जागून केलेला अभ्यास सकाळी हाती लागत नाही. खाणं तुटलं, केस ओढणं, नखं कुरतडून रक्त काढणं, "मी नसलेलीच बरी" असं बोलणं, यातलं काही दिसलं तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. १४४१६ वर तुम्हीही बोलू शकता आणि तीही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हाही क्रमांक आहे.

नवरा पोलिसात आहे. डिसेंबरात अधिवेशनाचा बंदोबस्त, मग थर्टी फर्स्ट. आम्हाला सुट्टी असते कुठे?

ताई, हे खरं आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्या शहरात होतं. बाकीच्यांना ते मोर्चे, अडवलेले रस्ते आणि मंत्र्यांच्या गाड्या म्हणून दिसतं, तुमच्या घरी ते रिकामं ताट म्हणून दिसतं. नर्स, एसटीचे चालक, मिहानमध्ये परदेशी वेळेनुसार काम करणारी मुलं, सगळ्यांचं हेच.

अशा घरांनी कॅलेंडरच्या मागे लागू नये. तुमचा नाताळ ४ जानेवारीला होऊ द्या. मुलांना आधी सांगा, तारीख भिंतीवर लिहा, आणि ती मोडू नका. रात्रपाळी करून आलेल्याला पाच तास सलग झोप मिळेल एवढं बघा: जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, कुकरची शिट्टी नंतर. आणि तुमचं काय? तो नसताना तुम्ही एकटीने घर ओढता. बंदोबस्ताच्या त्या आठवड्यात दोन रात्रींचं जेवण बहिणीकडे किंवा शेजारी.

सुट्टीत गावी गेलो तर मोठा भाऊ एकदम गप्प. "काही नाही" एवढंच म्हणतो. भीती वाटून राहिली.

भीती वाटते तर ती खरी माना. या दिवसांत कापसाची वेचणी सुरू असते, भाव हाती आलेला असतो किंवा आलेला नसतो, संत्र्याच्या बागेत फळगळ झालेली असते, आणि मार्चमध्ये पीककर्ज फेडायचं असतं. शहरातून गेलेले आपण हुरडा खायच्या तयारीने जातो. भाऊ तेव्हा मनात हिशेब मांडत असतो.

घरात, सगळ्यांसमोर विचारू नका. त्याच्याबरोबर शेतात जा. धुऱ्यावरून चालताना, विहिरीजवळ बसल्यावर माणूस बोलतो, कारण तिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. सुरुवात पैशापासून करा, कारण त्याचं दुखणं तिथेच आहे: "भाऊ, किती देणं आहे? आपण दोघं बसून मांडू." तोंडात सल्ला असेल तर गिळा. "आम्ही नाही का काढले दिवस" हे तर म्हणूच नका.

आणि मनात शंका असेल तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस पहिल्यांदा श्वास सोडतो. "हो" म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका. त्या रात्री तिथेच राहा. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. वहिनीला सोबत घ्या. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन जा, "जाऊन ये" असं सांगून निघू नका. पोलिसांचं लचांड लागेल या धास्तीने कित्येक घरं गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. त्यामुळे मदत मागायला घाबरू नका.

मार्चमध्ये माझे मिस्टर गेले. हा पहिलाच हिवाळा. संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं की पोटात गोळा येतो.

मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पहिलं वर्ष तारखांचं असतं. त्यांचा स्वेटर, त्यांच्या हातची भोगीची भाजी, ते आणायचे ती कळमन्याची संत्र्याची पेटी. रडू येईल तेव्हा येऊ द्या. घरच्यांनी विषय टाळू नये. त्यांचं नाव घ्यावं, किस्से सांगावेत. त्यांच्या आवडीचा एक पदार्थ करून शेजारी द्यावा.

आता हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीतल्या बायका नटून एकमेकींकडे जातात, आणि जिचा नवरा गेला तिने दार लावून घरात बसायचं. वर्षात सगळ्यात जास्त सोबतीची गरज असते तेव्हा तिला एकटं पाडायची ही रीत मला मान्य नाही, आणि हे मी प्रत्येक घरी बोलते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या अशा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. गावाने केलं, तर आपली अपार्टमेंट का नाही?

आमच्या कॉलनीत आता "तिळगूळ समारंभ" म्हणतात. सगळ्या बायका येतात, वाण सगळ्यांना, आणि कुंकू ज्यांना हवं त्यांना. पहिल्या वर्षी दोन वयस्कर काकू नाराज झाल्या. दुसऱ्या वर्षी त्यातल्याच एकीने आपल्या धाकट्या विधवा जावेला हाताला धरून आणलं. तुम्हाला यंदा जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. पण बोलावणं मात्र यायला हवं, आणि ते आणायचं काम शेजारणींचं आहे.

मधुमेह आहे. तिळाचे लाडू, गुळाची पोळी, संत्री, सगळंच बंद करू?

बंद नको, मोजून. गूळ साखरेपेक्षा "चालतो" हा समज चुकीचा, रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. एक छोटा तिळाचा लाडू जेवणानंतर खा, रिकाम्या पोटी नको. संत्रं अख्खं खा, रस काढू नका, चोथा पोटात गेला पाहिजे. सोल्याची भाजी आणि ज्वारीची भाकर निश्चिंतपणे खा, फक्त तेलाचा हात आखडता. डिंकाचा लाडू बाळंतिणीसाठी आणि शेतात राबणाऱ्यासाठी होता, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला एक आड एक दिवस अर्धा पुरतो.

थर्टी फर्स्टला दोन पेग घेतले की थंडी वाजत नाही म्हणतात?

वाजत नाही असं वाटतं. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, अंग गरम लागतं, पण शरीरातली ऊब बाहेर निघून जाते. उघड्यावर ते धोक्याचं. मन आधीच खाली असेल तर दारू त्याला आणखी खाली ओढते, दुसऱ्या दिवशी तर नक्कीच. सोडलेली असेल आणि मित्र आग्रह करत असतील तर त्या रात्री त्यांच्यात जाऊ नका. गाडी चालवायची असेल तर एक घोटही नाही.

समृद्धी महामार्गाने रातोरात पुण्या-मुंबईकडून येणं बरं की दिवसा?

दिवसा. ७०१ किलोमीटरचा सरळ, एकसारखा रस्ता. डोळे उघडे असतात आणि मेंदू पेंगतो. दर दोन तासांनी थांबा, उतरा, चाला. निघायच्या आधी टायर तपासा. रात्री ऑफिस सुटल्यावर थेट निघू नका, झोपून पहाटे निघा. आई एक जेवण उशिरा वाढेल.

संक्रांतीला मुलांना पतंग उडवू द्यावेत का?

जरूर, गच्चीला कठडा असेल आणि साधा सुती मांजा असेल तर. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो मिळतो, आणि त्याने दरवर्षी गळे कापले जातात, पक्षी लटकून मरतात. मुलाच्या हातात कोणती चक्री आहे ते स्वतः बघा. त्या आठवड्यात दुचाकीवर हेल्मेट आणि गळ्याभोवती जाड मफलर, लहान मुलाला पुढे उभं करू नका, उड्डाणपुलावर वेग कमी.

मदत हवी आहे, पण कुठे जायचं? आणि कुणी बघितलं तर?

फोनपासून सुरू करा. १४४१६ म्हणजे टेली-मानस, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली सेवा. भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडा. काय बोलायचं हे सुचत नसेल तर इतकंच म्हणा, "मला बरं वाटत नाही आणि कुठून सुरुवात करू कळत नाही." पुढचं तेच विचारतात.

प्रत्यक्ष जायचं तर मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानजवळचं एम्स, तिन्ही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. कागद काढायला सकाळी लवकर जा आणि सोबत कुणाला तरी न्या. रांग मोठी असते, एकटा माणूस अर्ध्यातून परत फिरतो. शिवाय शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या चौकाला आपण जे नाव पाडलं आहे ते मी उच्चारत नाही. रिक्षावाल्यालाही "मनोरुग्णालय" सांगते, आणि तो बरोबर नेतो. त्या एका शब्दाच्या लाजेपायी माणसं वर्षानुवर्षं उपचाराविना राहिली आहेत. तुम्हीही तो शब्द सोडून द्या, मुलांसमोर तर नक्कीच.

सुरू असलेली औषधं सुट्टीत बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. प्रवासाला निघताना चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या आणि चिठ्ठी बरोबर घ्या.

सगळे परत गेले की घर खायला उठतं. ते चार दिवस कसे काढायचे?

ते चार दिवस येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच तयारी करा. निघायच्या आदल्या दिवशी पुढच्या फोनचा वार आणि वेळ ठरवा, "पोहोचलो की करतो" यावर सोडू नका. स्टेशनवर किंवा विमानतळावर सोडायला दोघं जा, म्हणजे परतीच्या वाटेवर एकटं यावं लागणार नाही. येताना थेट घरी येऊ नका, कुणाकडे तरी चहाला थांबा. त्या आठवड्यात एक काम बाहेरचं असू द्या: वाचनालय, भजनी मंडळ, नातीच्या वयाच्या मुलांना शिकवणं, काहीही. बोलायला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, मुलांना पेटी कशी पाठवायची त्याची चौकशी आत्ताच सुरू करा.

आणि गाद्या त्याच दिवशी आवरायला बसू नका. उशीला त्यांच्या तेलाचा वास असतो, एकटीने घड्या घालताना हात थांबतात. तीन-चार दिवस तशाच राहू द्या. मग चांगलं ऊन पडलं की शेजारणीला हाक मारा, आणि दोघी मिळून त्या गच्चीवर नेऊन वाळत घाला.